ताईला विचारा: सिस्टर गेल्या आणि मुली गप्प झाल्या

दरवर्षी जुलैत या सदराला येणारी पत्रं साधारण ठरलेली असतात, दहावीचं टेन्शन, मोबाईल, डबा परत येतो, मैत्रीण बोलत नाही. यंदा मात्र पाच पत्रं एकाच विषयावर आली, वेगवेगळ्या गावांतून, आणि सगळी मुलींच्या कॉन्व्हेंट शाळांमधली. मे महिन्यात मुख्याध्यापिका सिस्टरची बदली झाली, जूनमध्ये नवीन मुख्याध्यापिका आल्या, आणि घरात काहीतरी बिनसलं. म्हणून म्हटलं यावेळी हाच विषय घेऊ. नावं, शाळा सगळं काढून टाकलंय, पत्रं थोडी छाटलीत.

ताई, आम्ही वसईला राहतो. मुलगी आठवीत आहे, ज्युनियर केजीपासून एकाच कॉन्व्हेंटमध्ये. आम्ही हिंदू आहोत पण ती ग्रोटोपुढे (आवारातल्या मदर मेरीच्या गुहेपुढे) हात जोडल्याशिवाय वर्गात जात नाही इतकी ती शाळा तिची आहे. आधीच्या सिस्टर सात वर्षं होत्या, प्रत्येक मुलीचं नाव पाठ. १६ जूनला शाळा उघडली तर ऑफिसमध्ये वेगळ्याच सिस्टर! ना सर्क्युलर, ना निरोप समारंभ. नवीन सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात डिव्हिजन बदलल्या, हिच्या तिन्ही मैत्रिणी बी मध्ये आणि ही सी मध्ये. तेव्हापासून रोज सकाळी पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सह्यांची मोहीम सुरू आहे, जुन्या सिस्टरना परत आणा म्हणून बिशपना पत्र द्यायचंय. मिस्टर म्हणतात शाळाच बदलू. मी काय करू? – एक आई

आधी पोट. रविवारी दुखत नाही म्हणजे नाटक आहे असं कृपा करून कुणाला म्हणू देऊ नका, विशेषतः आजीला (आजी लोक फार पटकन म्हणतात). दुखणं खरंच असतं, फक्त ते पोटात सुरू झालेलं नसतं. तरीही एकदा मुलांच्या डॉक्टरना दाखवून घ्या, कारण मनाचं आहे असं आपण ठरवायचं आणि निघायचं भलतंच, असं मी पाहिलंय. डॉक्टर काही नाही म्हणाले की मग शाळा चुकवू द्यायची नाही, हे ऐकायला कठोर वाटेल पण घरी राहिल्यावर त्या दिवशी बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी जाणं दुप्पट अवघड होतं. अर्धा दिवस चालेल, उशिरा गेली तरी चालेल, त्यासाठी क्लास टीचरला आधी भेटून लेट मार्कचं बोलून ठेवा. आणि दप्तर भरताना "आज बरं वाटतंय ना?" असं रोज विचारू नका, त्या प्रश्नानेच पोट दुखायला लागतं.

आता सिस्टरच्या बदलीचं. आपल्याला बदली म्हटलं की सरकारी ऑफिस आठवतं, कुणीतरी कुणाची तरी वाट लावली असं वाटतं. यांच्यात तसं नसतं. सिस्टर ज्या धर्मसंघाच्या (काँग्रिगेशनच्या) असतात त्याची एक प्रोव्हिन्शियल, म्हणजे प्रांतप्रमुख सिस्टर असते, ती ठरवते कोण कुठे जाणार. या बायकांनी तीन व्रतं घेतलेली असतात, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन, त्यातलं तिसरं म्हणजे हेच, पत्र आलं की बॅग भरायची. बऱ्याचदा शाळा सुटल्यावर म्हणजे एप्रिल-मे मध्येच पत्रं निघतात, त्यामुळे मुलींना सुट्टीत काही कळतच नाही. तुमच्या सिस्टरना तरी किती दिवस आधी कळलं असेल, विचार करा. त्या सुद्धा सात वर्षांचं सगळं सोडून गेल्या.

त्यामुळे सह्यांच्या मोहिमेबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तुम्हाला राग आला तरी चालेल. परत आणा हे पत्र कुठेही पोचणार नाही. मुळात पत्ता चुकलाय, धर्मप्रांताच्या म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या शाळा वेगळ्या आणि संघाच्या शाळा वेगळ्या, संघातल्या सिस्टरची बदली बिशप करत नाहीत. आणि मुख्याध्यापक कोण हे ठरवण्याचा अल्पसंख्याक संस्थेचा हक्क संविधानाच्या कलम ३० मधून येतो, सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये केरळच्या एका शाळेच्या केसमध्ये ते स्वच्छ सांगितलंय. म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलात तरी तुमच्या हातात काही पडणार नाही. उलट तुमच्या मुलीच्या डोक्यात काय बसेल, की ऑफिसमध्ये बसलेली बाई शत्रू आहे आणि आईबाबा तिच्याशी लढतायत, मग सकाळी पोट दुखेल नाहीतर काय होईल?

सह्या गोळा झाल्याच असतील तर त्याच सह्यांवर दुसरं पत्र लिहा, ते मात्र जोरात लिहा. त्यात मागा: एक, मुलींना असेंब्लीत सरळ सांगा सिस्टर कुठे गेल्या, का गेल्या. दोन, जुन्या सिस्टरना एक दिवस बोलवा, निरोप उशिरा झाला तरी होऊ दे, किंवा निदान मुलींनी लिहिलेली पत्रं त्यांच्यापर्यंत पोचवा. तीन, डिव्हिजन कशाच्या आधारावर बदलल्या ते सांगा. हे तिसरं महत्त्वाचं, कारण २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विशाखापट्टणमच्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या केसमध्ये सगळ्या शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात मार्कांवरून मुलांना शक्यतो वेगवेगळ्या बॅचमध्ये टाकू नका असंही आहे. तुमच्याकडे तसंच झालंय असं मी म्हणत नाही, पत्रावरून कळत नाही, नवीन सिस्टरनी साधी चिठ्ठ्या टाकूनही केलं असेल. पण विचारायचा हक्क आहे. पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये विचारा, ग्रुपवर नको. ग्रुपवर रात्री साडेअकराला जे लिहिलं जातं ते सकाळी कुठल्यातरी मुलीच्या तोंडून वर्गात येतं, हे मी वीस वर्षं पाहतेय (व्हॉट्सअॅपच्या आधी ते गेटवर व्हायचं एवढाच फरक).

शाळा बदलायची का? आत्ता नको. सिस्टर गेल्या, मैत्रिणी गेल्या, वर शाळाही काढून घेतली तर तिच्याकडे राहिलं काय? दिवाळीपर्यंत थांबा. त्या तीन मैत्रिणींना शनिवारी घरी बोलवा, डबा एकत्र खायला बी आणि सी ची रिसेस एकच असते. आणि तिला सिस्टरना पत्र लिहू दे, इन्लंड किंवा पोस्टकार्ड, हाताने. कोलकात्याच्या एंटालीत सेंट मेरीज म्हणून लोरेटो संघाच्या सिस्टरांची मुलींची शाळा आहे, तिथे १९४४ मध्ये मुख्याध्यापिका झालेल्या एक सिस्टर १९४८ मध्ये संघच सोडून बाहेर पडल्या, त्या म्हणजे मदर तेरेसा. सगळे त्यांच्या पुढच्या कामाबद्दल बोलतात, मला मात्र कायम त्या शाळेतल्या मुली आठवतात, त्यांना काय वाटलं असेल. १९४९ च्या मार्चमध्ये मदरना येऊन मिळालेली पहिली मुलगी याच शाळेतली, त्यांचीच विद्यार्थिनी होती. खुर्ची गेली म्हणजे माणूस गेलं असं होत नाही, एवढंच तुमच्या मुलीला कळलं तरी खूप.

दोन-तीन आठवड्यांत खाणं, झोप सुधारली नाही, किंवा "मी नसले तर बरं होईल" असलं काही बोलली तर वाट बघू नका, लगेच बालमानसतज्ज्ञाकडे.

ताई मी दहावीत आहे. मागच्या वर्षी माझ्या घरी खूप प्रॉब्लेम होता (लिहू शकत नाही) तेव्हा मी रिसेसमध्ये सिस्टरच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे, सिस्टर काही विचारायच्या नाहीत, फक्त कधीकधी बिस्किट द्यायच्या. मग एकदा मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या आपण मार्ग काढू. आता त्या गेल्या. नवीन सिस्टरला मी कोण तेही माहीत नाही. मला सिस्टरचा राग येतो आणि राग आला म्हणून वाईट वाटतं.

अगं, राग येणारच. ज्या माणसाला आपण सगळं सांगितलं तो न सांगता गेला तर राग येतो, त्यात पाप-बिप काही नाही, कन्फेशनमध्ये सांगायचीही गरज नाही. तुझ्यावर चिडून किंवा कंटाळून त्या गेल्या नाहीत, त्यांना पाठवलं गेलं, ते त्यांच्या हातात नव्हतं. पण तुला सांगून जाणं त्यांच्या हातात होतं का? कदाचित होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, तू त्यातली एकच निवडायला नको.

आता जे लिहू शकत नाहीस त्याबद्दल. ते काय आहे मला माहीत नाही आणि इथे छापायचंही नाही. पण घरातलं कुणी तुला मारत असेल, किंवा नको तिथे हात लावत असेल, लावलेला असेल, तर ती गोष्ट सिस्टर गेल्या म्हणून संपत नाही. कुठल्याही एका मोठ्या माणसाला सांग, क्लास टीचर, पीटीच्या मिस, मावशी, शेजारच्या काकू. पहिल्या माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग. १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. आणि नुसतं खूप जड वाटत असेल, रडू थांबत नसेल तर १४४१६, तो टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर, मराठीतही बोलतात. एक गोष्ट तुला आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही, लैंगिक छळाची गोष्ट असेल तर ज्या मोठ्या माणसाला तू सांगशील त्याला ती पोलिसांना किंवा बालकांसाठीच्या पोलीस पथकाला कळवावीच लागते, २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तसं आहे. म्हणजे ते तुझा विश्वासघात करत नाहीत, तुला वाचवायचा रस्ताच तो आहे.

आणि नवीन सिस्टरच्या ऑफिसबाहेर एकदा जाऊन बस. काही बोलू नकोस. बघ काय होतं ते. मला पुन्हा लिही, नक्की लिही, मी वाट बघेन.

मी पुण्यात एका कॉन्व्हेंटमध्ये बावीस वर्षं शिकवते, लौकिक शिक्षिका म्हणजे सिस्टर नाही. सुपरवायझर आहे. सीनियॉरिटीने मुख्याध्यापिका मीच व्हायला हवी होते पण दुसऱ्या प्रॉव्हिन्समधून एक तरुण सिस्टर आणल्या. त्यांना मराठी धड येत नाही. मुली माझ्याकडे येऊन रडतात, म्हणतात मिस तुम्हीच व्हायला हव्या होत्या. मी काय बोलू त्यांना?

मिस, सीनियॉरिटीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही आणि बहुतेक ते तुम्हाला माहीतही आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांचा १९७७ चा जो कायदा आहे, ज्याच्या नियमांवर आपल्या स्टाफरूममध्ये अर्धा वेळ चर्चा चालते, त्यात कलम ३ मध्येच लिहिलंय की अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या नेमणुकीला हा कायदा लागू नाही. म्हणजे सीनियॉरिटी लिस्ट तिथे चालत नाही. अन्याय वाटतो का? वाटतो. बावीस वर्षं शाळा चालवायची, परीक्षेचं टाईमटेबल करायचं, बदली टीचर शोधायच्या, सरकारच्या यूडायस पोर्टलवर शाळेची माहिती भरायची, आणि खुर्चीत बाहेरून कुणीतरी. तुमच्या जागी मीही रडले असते, घरी, भांडी घासताना.

पण मुलींसमोर नाही. आणि इथे मी जरा कडक बोलणारे. मुली तुमच्याकडे येतात कारण तुम्ही त्यांच्या आहात, ही मोठी गोष्ट आहे, पण "तुम्हीच व्हायला हव्या होत्या" यावर तुम्ही नुसतं गप्प बसून सुस्कारा जरी सोडलात तरी त्यांना कळतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना बाजू घ्यायला फार आवडतं. मग त्या नवीन सिस्टरच्या मराठीची नक्कल करणार, पकडल्या जाणार, डायरीत रिमार्क येणार, पालकांना बोलावणं जाणार, आणि तुम्ही त्याच मीटिंगमध्ये सिस्टरच्या बाजूला खुर्चीवर बसलेल्या असणार. त्यापेक्षा म्हणा, मला वाईट वाटलं होतं, आता मी सिस्टरना मराठी शिकवतेय. आणि खरंच शिकवा. तुम्हाला शाळेतली प्रत्येक घरची गोष्ट माहीत आहे, कुणाचे बाबा वारले, कुणाची फी थकलीय, कोण जेवत नाही, हे सगळं त्या बाईला कुठल्या फाईलमधून कळणार? ते तुम्ही सांगितलं नाही तर भोगणार मुली.

हक्काचं काही मागायचं असेल तर ते लेखी मागा, मॅनेजमेंटकडे. बऱ्याच संघांमध्ये आता सिस्टर कमी होतायत, नवीन मुली मठात येत नाहीत, शाळा मात्र तेवढ्याच. बाहेरच्या शिक्षिकांना मुख्याध्यापिका करण्याची वेळ अनेक ठिकाणी आलीय आणि पुढेही येणार. तेव्हा तुमचं नाव आठवायला हवं, ते भांडलेली बाई म्हणून आठवू नये.

आमच्या मुलीच्या शाळेत पहिल्यांदाच सिस्टर नसलेल्या मॅडम प्रिन्सिपॉल झाल्यात, त्या कॅथलिकही नाहीत. मग आता ती कॉन्व्हेंट राहिली का? शिस्त जाईल अशी भीती वाटते. – एक बाबा, नाशिक

राहिली की. शाळा कुणाच्या मालकीची आहे आणि कुठल्या विचाराने चालते त्यावर ते ठरतं, प्रिन्सिपॉलच्या डोक्यावर सिस्टरांचा रुमाल (व्हेल) आहे का त्यावर नाही. आणि गंमत सांगू का, हे संघ मुळात फार बंडखोर बायकांनी काढलेत. जीझस अँड मेरी या संघाच्या संस्थापक क्लॉडीन थेवने यांनी फ्रेंच क्रांतीत आपल्या दोन भावांना मृत्युदंड झालेला पाहिला आणि मग १८१८ मध्ये लियाँत संघ सुरू केला, रेशमाच्या कारखान्यांच्या त्या शहरात अनाथ मुलींना हातात काम आणि शिक्षण द्यायला, तिथल्या सिस्टर १८४२ मध्ये आग्र्याला पोचल्या. वेणी दोन की एक, मोज्यांची उंची किती, हे त्यांनी ठरवलेलं नाही, ते आपण कॉन्व्हेंटच्या नावावर खपवलं. २०२४ मध्ये भारतातल्या बिशपांच्या परिषदेने कॅथलिक शाळांना ज्या सूचना दिल्या त्यात संविधानाची उद्देशिका असेंब्लीत वाचा, इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका असं आहे. शिस्तीपेक्षा मॅडमना हे विचारा की शाळेत समुपदेशक आहे का, कारण ते जे सुप्रीम कोर्टाचं वर सांगितलं त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच असं आहे. आणि मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, राज्य सरकारने २०२२ मध्येच सांगितलीय, बदलापूरच्या घटनेनंतर तर सगळे तिच्याबद्दल बोलायला लागले. नावं नोटीस बोर्डवर लावलीत का ते गेटवरून जाताना बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटचं पत्र. मी एक धर्मभगिनी आहे, जूनमध्ये एका मुलींच्या शाळेची सूत्रं घेतली. आधीच्या सिस्टर फार लोकप्रिय होत्या. मला हँडओव्हरमध्ये चाव्या, कॅशबुक, डेड स्टॉक रजिस्टर, कोर्टातल्या एका केसची फाईल मिळाली. मुलींबद्दल एक ओळ नाही. मी नियम तेच ठेवलेत, फक्त ऑफिसबाहेरचे बाक काढले कारण शिपाई म्हणाले मुली तास बुडवून तिथे बसतात. मी आले की कॉरिडॉर शांत होतो. लोकांना वाटतं शिस्त आली. मला भीती वाटते. – सिस्टर

सिस्टर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ज्यांना ही शांतता खुपते त्या फार थोड्या असतात, त्यामुळे तुमच्या मुलींची मला तितकी काळजी वाटत नाही जितकी पत्र वाचायच्या आधी वाटत होती.

हँडओव्हरचं तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक प्रोव्हिन्शियलने वाचावं असं आहे. डेड स्टॉकमधली मोडकी कपाटं मोजून दिली जातात आणि कुठली मुलगी गेल्या वर्षभर कशातून जातेय हे कुणी सांगत नाही. अर्थात सगळंच कागदावर लिहून ठेवणंही धोक्याचं, फाईल कुणाच्याही हातात पडते. म्हणून आधीच्या सिस्टरना फोन करा. मान कमी होणार नाही. विचारा, अशा किती मुली आहेत ज्यांच्याकडे मी या आठवड्यातच बघायला हवं. दहा-बारा नावं निघतील. त्यातली काही नावं कदाचित त्या सांगणार नाहीत, मुलीला शब्द दिलेला असेल, तर त्यांना म्हणा तुम्ही त्या मुलीला दोन ओळी लिहा आणि माझ्याकडे यायला सांगा. एखादी गोष्ट पॉक्सोखाली कळवायची राहून गेली असेल तर मात्र शब्दाबिब्दाचा प्रश्न येत नाही, न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि शाळेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य दाबलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, आणि कायदा नसता तरी तुम्ही गप्प बसला नसता असं पत्रावरून वाटतं.

आधीच्या सिस्टरसारखं व्हायला जाऊ नका. त्यांना नावं पाठ असतील म्हणून तुम्ही रात्री जागून आठशे नावं पाठ कराल आणि चुकीच्या मुलीला चुकीच्या नावाने हाक माराल, मुली हसतील. त्यापेक्षा सरळ असेंब्लीत सांगा की तुम्हाला सिस्टरची आठवण येते हे मला दिसतंय, मलाही माझी आधीची शाळा आठवते. त्या शाळेबद्दल सांगा, तिथे झाडं कुठली होती, डब्यात काय यायचं. मुलींना कळू दे की तुम्हीही कुठूनतरी उठून आलाय.

तासाच्या वेळी कुणी बसत असेल तर क्लास टीचरना नाव लिहून ठेवायला सांगा. रागवायला नाही, तीच मुलगी परत परत दिसते का ते बघायला. आणि सिस्टर, सोमवारी शिपायांना सांगून ते बाक परत होते तिथे ठेवा. ड्रॉवरमध्ये बिस्किटाचा एक पुडा असू द्या.